मार्चमध्ये रतनगडला येताय? मग एवढं वाचून ठेवा

फोनवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, अहो मार्चमध्ये काय बघायचं तिकडे, सगळं वाळलेलं असेल ना. अर्धं खरं आहे. गवत वाळलेलं असतं, धबधबे नसतात आणि पावसाळ्यातले ते हिरवेगार फोटो डोक्यात ठेवून कोणी आलं तर पहिला अर्धा तास तोंड पाडून बसतं, हे आम्ही चार-पाच वर्षं बघतोय. पण फाल्गुन-चैत्रात या डोंगरात जे असतं ते पावसाळ्यात नसतं आणि आमची दोन रात्रींची ट्रिप मुद्दाम त्याच्यासाठीच आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

जागा म्हणजे अकोले तालुक्यातली रतनवाडी, रतनगड किल्ल्याच्या पायथ्याचं गाव, भंडारदऱ्याच्या पाण्याच्या पार टोकाला. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ साली जाहीर झालेलं. त्यामुळे नाक्यावर वनखात्याची पावती फाडावी लागते (ती आमच्याकडे लागली, तुम्ही वेगळे पैसे काढू नका) आणि नियमही अभयारण्याचेच. बिबट्या, सांबर, भेकर, रानडुक्कर सगळं आहे, नशीब असेल तर झाडावर शेकरू दिसतं, झुपकेदार शेपटीवालं. बिबट्या दिसेल अशी गॅरंटी आम्ही देत नाही आणि खरं सांगू का, दिसू नये अशीच आमची इच्छा असते.

तंबू आम्ही अभयारण्याच्या जंगलात लावत नाही, गावातल्या एका दादांच्या भातखाचरात लावतो. हे फक्त याच दिवसांत जमतं, कारण पावसाळ्यात तिथे गुडघाभर चिखल आणि मार्चमध्ये तेच खाचर सपाट, कोरडं ठणठणीत. फक्त भाताची धसकटं राहिलेली असतात, ती पाठीला टोचतात, पहिल्या वर्षी आम्ही नुसती शीट अंथरली होती आणि सकाळी सगळे पाठ चोळत उठले, तेव्हापासून खाली आधी पेंढा, वर ताडपत्री, मग तंबू, मग मॅट असं करतो. एका तंबूत तीन जण. दुपारी कितीही तापलं तरी पहाटे गार पडतं, एक स्वेटर आणाच, आणि उगाच स्लीपिंग बॅग विकत घेऊ नका, आमच्याकडे आहेत, धुतलेल्या.

आता मुद्द्याचं. या दिवसांत डोंगर घड्याळाने नाही, उन्हाने चालायचा असतो. म्हणून शनिवारी पहाटे चारला उठवणार, साडेचारला टॉर्च घेऊन निघणार आणि यात सूट नाही. दोन वर्षांपूर्वी एका ग्रुपने फार आग्रह केला म्हणून आम्ही साडेसातला निघालो, चूक आमचीच, नाही म्हणायला पाहिजे होतं. परत उतरताना शिड्यांपाशी एक वाजला, लोखंड एवढं तापलेलं की रुमाल धरून उतरायला लागलं, पाणी संपत आलेलं आणि एका काकांना चक्कर आली. सावलीत तासभर बसवून, मीठ-साखरेचं पाणी पाजून खाली आणलं, ते ठीक झाले. पण त्या दिवसापासून साडेचार म्हणजे साडेचार.

पहाटेचा दुसरा फायदा सांगतो. गाव सोडलं की वाट प्रवरेच्या पात्राच्या कडेने जाते, म्हणजे नदी इथे ओढ्याएवढीच, ती याच डोंगरात उगम पावते, आणि मार्चमध्ये पात्रात बहुतेक नुसते दगडच असतात. अंधारात रातवा पक्षी एकसारखा टकटक करत असतो. गावाच्या वरच्या अंगाला मोहाची झाडं आहेत, मोहाचं फूल रात्री फुलतं आणि पहाटे टपटप गळतं, खाली अक्षरशः सडा असतो, फिकट पिवळा, रसाळ, द्राक्षासारखा, आणि वास असा गोड-उग्र की काही जणांना आवडतो काहींचं डोकं धरतं. बायाबापड्या टोपल्या घेऊन वेचत असतात. ते त्यांचं वर्षाचं उत्पन्न असतं, तेव्हा एखादं तोंडात टाकलंत तर कोणी काही म्हणणार नाही पण पायाखाली तुडवत जाऊ नका आणि न विचारता फोटो काढू नका.

पुढे दाट झाडी लागते, तिथे उजाडता उजाडता करवंदीच्या पांढऱ्या फुलांचा वास येतो, जाईसारखा. करवंदं अजून हिरवी, मेमध्ये या म्हणजे खायला मिळतील. कोशिंबाची नवी पालवी लालभडक असते, लांबून बघणाऱ्याला फुलंच वाटतात. खरी फुलं पळस, पांगारा आणि काटेसावरीची, पान एक नाही आणि झाड पेटल्यासारखं. सावरीवर सकाळी पक्ष्यांची जी गर्दी आणि भांडणं चालतात ती बघायला आम्ही वीस मिनिटं थांबतोच.

मग फाटा. सरळ वाट कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाते, आपण उजवीकडे रतनगडाकडे. शिड्या लोखंडी आहेत, उंचीची भीती असेल तर आधी सांगा, लाजू नका, एक दादा मागे आणि एक पुढे असे राहतात. रमतगमत तीन-साडेतीन तासांत माथा. वर नेढं, म्हणजे कड्याला आरपार पडलेलं भोक, त्यात बसलं की वारा असा येतो की टोपी धरायला लागते. समोर अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाई एका रांगेत. तिथेच नाश्ता, कांदेपोहे डब्यातले, आणि नऊच्या आत उतरायला सुरुवात. गडावर टाकी आहेत पण त्यांच्यावर भरवसा ठेवायचा नाही, माणशी तीन लिटर पाणी खालूनच घ्यायचं, जड वाटतं म्हणून एक बाटली तंबूत ठेवून येणारा एक तरी असतोच आणि उतरताना तोच दुसऱ्यांकडे मागतो.

मधमाश्यांबद्दल, हे नीट वाचा

कड्यांना या दिवसांत आग्या मोहोळं असतात. सेंट, डिओ, वासाचं तेल काहीही लावायचं नाही, आरडाओरडा नाही, दगड मारणं नाही, सिगरेट तर नाहीच, धुराने माश्या उठतात. उठल्याच तर हात झटकत नाचू नका, तोंड-मान ओढणीने नाहीतर जॅकेटने झाका आणि दादा सांगतील त्या बाजूने लांब निघा. कोणाला मधमाशीची ॲलर्जी असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगायचं, औषध सोबत ठेवायचं.

कॅम्पफायर का नाही, यावर दर ट्रिपला वाद होतो. अहो, गवत कडकडीत वाळलेलं, एक ठिणगी पुरते. एकदा रात्री जेवायला बसलो असताना समोरच्या डोंगरावर लाल रेघ दिसली, आधी कोणीतरी म्हणालं काय सुंदर दिसतंय, मग दादा ताटावरून उठून पळाले तेव्हा कळलं की वणवा आहे. रात्रभर गावातली पोरं हिरव्या फांद्यांनी झोडपत होती. सकाळी तो सगळा उतार काळा. आम्हाला परत नाही करायचं ते. जेवण दादांच्या घराच्या ओट्यावर, चूल तिथेच, गप्पा खाचरात चांदण्याखाली. स्पीकर आणि दारू दोन्ही चालणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

शनिवारी दुपार झोपेची. संध्याकाळी अमृतेश्वराचं देऊळ, शिलाहारांच्या काळातलं, दगडावरचं कोरीवकाम कलत्या उन्हात बघण्यासारखं असतं, बाजूची पुष्करणीही बघा. धरण १९२६ सालचं, इंग्रजांनी बांधलेलं. मार्चपर्यंत पाणी बरंच मागे गेलेलं असतं आणि काठाला गाळ, वरून सुकलेला दिसतो, पाय टाकला की मांडीपर्यंत आत. म्हणून पोहायचं नाही, पट्टीचे पोहणारे असलात तरी.

रविवारी साम्रदची सांदण दरी. कळसूबाई का नाही असं विचारतात, तर १६४६ मीटरचा तो डोंगर, चढाला सावली जवळजवळ नाहीच, तो आम्ही थंडीत करतो. सांदण उलट अरुंद घळ, दोन्हीकडे उंच कडे, ऊन खाली फार कमी उतरतं. पाण्याचे डोह या दिवसांत कमी झालेले असतात तरी बूट भिजणार हे धरूनच चला. दगड डुगडुगतात, फोन खिशात ठेवून दोन्ही हात मोकळे ठेवा. दोराने उतरायचा पुढचा भाग आपण करत नाही, दहापर्यंत परत.

सामान कमी आणा, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, टोपी, टॉर्च, चांगली ग्रिप असलेले बूट, स्वतःची औषधं. बूट रात्री तंबूच्या आत, आणि तरी सकाळी घालताना झटकून घाला, विंचू निघतात. तंबूची चेन कायम लावलेली. रात्री लांब जायचं असेल तर एकट्याने नाही, टॉर्च घेऊन दोघांनी.

गाडी शुक्रवारी संध्याकाळी ठाण्याहून निघते, कसारा, इगतपुरी, घोटी, बारी, शेंडी असा रस्ता, लोकलने येणाऱ्यांना कसारा स्टेशनवर घेतो. पुण्याकडचे लोक संगमनेर-अकोले-राजूर करत थेट शेंडीला येऊन भेटू शकतात. सोळापेक्षा जास्त माणसं घेत नाही. पैसे अर्धे बुकिंगला, अर्धे पोचल्यावर, चार दिवस आधीपर्यंत कॅन्सल केलंत तर सगळे परत, नंतर जेवणाचे कापतो कारण मावशींनी सामान भरलेलं असतं. त्या पिठलं, ठेचा आणि एका रात्री हुलग्याची शेंगोळी करतात. भाकरी नाचणीची हवी की तांदळाची ते मात्र गुरुवारपर्यंत कळवा, दळण त्या हिशोबाने टाकतात.