निवांत रजा

कोणताही बेत न आखता, परगावी न जाता आणि साठलेली कामे उरकण्याचा हेतूही न ठेवता केवळ विश्रांतीसाठी स्वतःच्या घरी काढलेल्या रजेला निवांत रजा म्हणता येईल. सातारा-सांगलीच्या बोलीत तिला स्वतंत्र नाव नाही. ‘घरीच हाय, निवांत’ एवढ्यावर भागते. ‘सुट्टी’ या शब्दाचे नाते सुटण्याशी आहे, जसे औत सुटते आणि शाळा सुटते. ‘रजा’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र संमती असा आहे. सुट्टी सर्वांना एकदम मिळते, रजा मागावी लागते आणि तिचे कारण द्यावे लागते. ‘काही करायचे नाही’ हे कारण अर्जात कोणी लिहीत नाही. तेथे ‘खाजगी कामानिमित्त’ असे लिहिण्याचा प्रघात आहे.

शेतीच्या जुन्या व्यवहारात विसावा माणसाच्या मर्जीवर सोपवलेला नव्हता, तो वाराला आणि तिथीला बांधलेला होता. सोमवार महादेवाचा, म्हणजे नंदीचाही, असे मानून अनेक गावांत त्या दिवशी बैल जुंपत नसत आणि अमावास्येलाही औत धरत नसत. राज्यात इतरत्र बहुतेक ठिकाणी श्रावणी अमावास्येला पोळा होतो, तर या भागात आषाढात बेंदूर होतो. आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी, म्हणजे जू वाहणारे खांदे चोळण्याचा विधी, होते आणि सणाच्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा ज्या सणासाठी प्रसिद्ध आहे त्या नागपंचमीला नांगरणे, खणणे, चिरणे आणि तळणे वर्ज्य असते, तवाही चुलीवर चढत नाही, म्हणून पुरणाची दिंडे उकडून करतात. ही विश्रांती निषेधाच्या रूपाने येत असल्यामुळे ती घेणाऱ्याला कोणी आळशी म्हणू शकत नसे, हा तिचा मोठा लाभ होता. पुढे गोठ्यातले बैल कमी झाले आणि वार पाळण्याचे कारणही त्यांच्याबरोबर गेले. ट्रॅक्टरला सोमवार नसतो.

मजुरांच्या साप्ताहिक सुट्टीलाही देवाच्या वाराचा आधार घ्यावा लागला होता. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवार मागताना तो खंडोबाचा वार असल्याचे सांगितले आणि १० जून १८९० रोजी ती मागणी मान्य झाली. कऱ्हाड तालुक्यातील पालच्या खंडोबाला जाणाऱ्या माणसाला हे कारण समजावून सांगावे लागले नसते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना आज वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा मिळते आणि २९ फेब्रुवारी २०२० पासून त्यांचा आठवडा पाच दिवसांचा झाला आहे.

तरीही रजा मिळणे आणि ती रिकामी राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगेसारख्या, घरोघरी सैनिक असलेल्या गावांत फौजी सुट्टीवर आला की घराचा स्लॅब, बांधाचा तंटा, बहिणीचे स्थळ आणि ग्रामदैवताची यात्रा त्याची वाटच पाहत असतात, आणि परतीच्या गाडीत बसल्यावरच त्याला पहिली सलग झोप मिळते, असे गमतीने म्हणावे लागते. तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराला ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत असा दिवस क्वचितच सापडतो. साताऱ्याच्या शहरवासीयाची गोष्ट वेगळी आहे: कास पठारावर फुले आली की रविवारी तिकडचा रस्ता बाहेरगावच्या गाड्यांनी भरतो, आणि घरी थांबण्याला आयतेच कारण मिळते.

प्रत्यक्षात या रजेचा दिवस उशिरा उठणे, जेवणानंतर सोप्यात वाकळ टाकून लवंडणे आणि चार वाजता चहा मागणे असा जातो. सज्जनगडावर अखेरची वर्षे काढलेल्या समर्थ रामदासांनी आळसाला ठायी ठायी फटकारले आहे, आणि ते ऐकवणारे एखादे वडीलधारे माणूस बहुतेक घरांत असते. चहा कोणी करायचा, हा प्रश्न मात्र सहसा निघत नाही. नागपंचमीला विळीला विश्रांती मिळते, पण दिंडे भरत बसणाऱ्या बाईला नाही. तिच्या वाट्याचा विसावा रूढीने माहेरपणात ठेवला आहे, म्हणजे तो घ्यायला तिला स्वतःचे घर सोडून जावे लागते. आणि तेथेही आता वहिनी नोकरीवर जात असेल, तर माहेरवाशीणच सकाळी भाकरीला बसते.