प्रथम प्रतिसादक स्वयंसेवक (नागपूर)

अपघात, हृदयविकार, उष्माघात, सर्पदंश अशा प्रसंगी रुग्णवाहिका येईपर्यंत माणसाला सांभाळणारी, त्यासाठी रीतसर प्रशिक्षण घेतलेली आणि त्याचा मोबदला न घेणारी व्यक्ती म्हणजे प्रथम प्रतिसादक स्वयंसेवक. हा डॉक्टर नव्हे. रुग्णवाहिकेवरचा पगारी तंत्रज्ञही नव्हे. बहुधा तो त्याच वस्तीतला दुकानदार, ऑटोचालक, शिक्षिका किंवा कॉलेजचा विद्यार्थी असतो. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना १९२५ साली नागपुरातच झाली असल्याने इथे नुसते ‘स्वयंसेवक’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वेगळेच चित्र येते. त्यामुळे बोलण्यात ‘व्हॉलंटिअर’ किंवा ‘फर्स्ट एडवाला’ हेच शब्द जास्त चालतात.

त्याचे काम मोजक्या मिनिटांचे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि गाडीसोबत डॉक्टरही येऊ लागला. पण गाडीला सीताबर्डीची गर्दी, इतवारीच्या गल्ल्या आणि कुठेतरी चाललेले उड्डाणपुलाचे काम ओलांडून यायचे असते. हृदय थांबल्यावर मेंदूला इजा व्हायला चार ते सहा मिनिटे पुरतात. छाती दाबायला कोणी नसेल, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. या हिशेबात शहरातली सर्वांत वेगवान रुग्णवाहिकासुद्धा उशिराच येते. शेजारी मात्र आधीच तिथे असतो.

प्रथमोपचाराचे संघटित शिक्षण इंग्लंडमध्ये १८७७ साली सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स असोसिएशनने सुरू केले. भारतात ते सेंट जॉन आणि १९२० साली स्थापन झालेली रेडक्रॉस सोसायटी यांच्यामार्फत रुजले. नागपूरचा या विषयाशी संबंध त्याहून थेट आहे. १९५७ साली इथे केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था उघडली. तीच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही याच शहरात आहे. देशभरचे अधिकारी आपत्तीत माणूस कसा वाचवावा हे शिकायला नागपूरला येतात, आणि त्याच नागपुरात चौकात कोणी कोसळले तर भोवती जमलेल्या वीस जणांपैकी नाडी कुठे पाहायची हे माहीत असणारा एखादाच निघतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना २०१६ साली आली. पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्यापर्यंत तिचा विस्तार झाला. तिचे प्रशिक्षण बारा दिवसांचे असते.

शिकवले काय जाते, हे थोडक्यात सांगता येते. प्रौढ माणूस हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर आधी मदत बोलवायची आणि छातीच्या मधोमध पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यायचा. अधूनमधून आचके देणे म्हणजे श्वास नव्हे; इथेच बहुतेकांची फसगत होते. घशात घास अडकला तर पाठीवर पाच थापा आणि पोटावर पाच झटके, आलटून पालटून. रक्त वाहत असेल तर जखमेवर थेट दाब. हे सगळे एका दिवसात शिकता येते आणि सराव सुटला की काही महिन्यांत हात ते विसरतो. म्हणून प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापेक्षा वरचेवर सरावाच्या पुतळ्यावर हात चालवणे महत्त्वाचे.

नागपूरची खरी परीक्षा उन्हाळ्यात. २३ मे २०१३ रोजी शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की दुपारी रस्ते ओस पडतात, पण हातठेलेवाले, बांधकामावरचे मजूर आणि लग्नाच्या वरातीतले बँडवाले यांना सुट्टी नसते. खिशात कांदा ठेवणे, पन्हे पिणे हे घरोघरचे उपाय. पन्ह्याचा उपयोग आहे, पण तो ऊन लागण्याआधी. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापून भट्टी झाले, की तोंडाने काहीच द्यायचे नाही. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तापाची गोळीही इथे कामाची नाही, कारण हा जंतूंमुळे आलेला ताप नव्हे. आधी अंग थंड करायचे, बाकी सगळे नंतर. कपडे सैल करा, चादर ओली करून पांघरा, वारा घाला. ज्या तत्त्वावर नागपूरकराचा कूलर चालतो त्याच तत्त्वावर ही चादर काम करते, आणि मे महिन्याच्या कोरड्या हवेत ती फार गुणकारी ठरते. जूनमध्ये पहिल्या सरी पडून हवा दमट झाली की कूलर जसा निकामी वाटतो, तशीच ही युक्तीही लंगडी पडते. मग बर्फ लागतो : मानेला, काखेत, जांघेत. रसवंतीवाल्याकडे तो असतो, आणि कोणत्या कोपऱ्यावर रसवंती आहे हे वस्तीतल्या माणसाला विचारावे लागत नाही.

जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास संकट वेगळे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो आणि दुचाकीस्वारांचे गळे कापतो. अशा जखमेवर स्वच्छ कापड घेऊन नेमक्या जागी दाबून धरायचे. गळ्याभोवती पट्टी आवळायची नाही. पावसाळ्यात शहराच्या कडेच्या वस्त्यांत आणि आसपासच्या गावांत सर्पदंश वाढतात. जमिनीवर झोपलेल्याला मण्यार रात्री चावते तेव्हा दुखतही नाही, आणि घरचे लोक सकाळपर्यंत थांबतात. दोरी आवळणे, ब्लेडने कापणे, विष चोखणे यांपैकी काहीही करायचे नाही. अंगठी, बांगड्या काढायच्या, हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा, चावल्याची वेळ लक्षात ठेवायची आणि दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून नेण्याची गरज नाही. तो ओळखण्याच्या नादात दुसरा माणूस चावून घेतो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. रस्ताच पाण्याखाली गेला की रुग्णवाहिकेचा प्रश्नच उरत नाही. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसाचे इन्सुलिन आणि ऑक्सिजन कोणाला आठवते, यावर बरेच ठरते.

प्रशिक्षणाचा खरा कस मात्र गर्दीत लागतो. माणूस पडला की कोणी तोंडावर पाणी मारतो, कोणी फिट आलेल्याच्या नाकाशी चप्पल नाहीतर कांदा धरतो, कोणी दातांत चमचा घालतो, चौघे मिळून मोडक्या पाठीच्या माणसाला ऑटोत दुमडून बसवतात. सगळ्यांचा हेतू चांगला असतो. त्यांना ‘हात लावू नका’ म्हटले तर भांडण होते. काम दिले तर भांडण होत नाही. म्हणून जाणता स्वयंसेवक एकाला १०८ ला फोन लावायला सांगतो, दुसऱ्याला चौकात उभे राहून गाडीला वाट दाखवायला, तिसऱ्याला ओढणीचा आडोसा धरायला. दसऱ्याला, म्हणजे अशोक विजयादशमीला, दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय येतो, तेव्हा समता सैनिक दलाचे कार्यकर्ते शिस्त राखतात. चक्कर येऊन पडलेल्याला तिथे औषधाआधी मोकळी जागा लागते.

‘पोलीस मागे लागतील’ ही भीती अजून गेलेली नाही. जखमीवर तातडीने उपचार करणे हे डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले होते. २०१६ साली याच न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक ठरवली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. आता मदत करणाऱ्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि सद्भावनेने केलेल्या मदतीत चूक झाली तरी त्याच्यावर खटला चालत नाही. हे कलम रस्ते अपघातांपुरते आहे. इतर प्रसंगी भारतीय न्याय संहितेतील कलम ३० सद्भावनेने केलेल्या कृतीला आधार देते. जखमीला वेळेत दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला २०२१ पासून पाच हजारांचे बक्षीस होते, २०२५ साली ते पंचवीस हजार झाले. बक्षिसाने किती जण थांबतात ते असो, ‘चौकशीत अडकवणार नाही’ हे वाक्य जास्त कामाचे आहे.

पोहोचवायचे कुठे, हेही ठाऊक असावे लागते. नागपुरात ‘मेडिकलला न्या’ म्हणजे औषधाच्या दुकानात नव्हे, तर १९४७ सालच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात; आणि ‘मेयो’ म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या. बाहेरगावचा माणूस इथे हमखास गोंधळतो. विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पातले एम्स २०१८ पासूनचे.

स्वयंसेवकाने इंजेक्शन द्यायचे नाही, आपल्या मनाने गोळ्या द्यायच्या नाहीत, आणि माणूस गेला असे जाहीर करायचे नाही. तो अधिकार डॉक्टरचा. नातेवाईक ‘वाचेल ना जी?’ असे विचारतात, त्यावर त्याला शिकवलेले उत्तर एवढेच असते की गाडी निघाली आहे आणि मी इथेच थांबतो. गाडी आली की तो डॉक्टरला काय झाले, किती वाजता झाले, आपण काय केले आणि त्यानंतर काय बदलले हे चार वाक्यांत सांगतो आणि बाजूला होतो. दवाखान्याकडून पुढे कळवणे सहसा होत नाही. वापरलेले हातमोजे आणि गॉज मात्र बहुधा त्यालाच स्वतःच्या खिशातून पुन्हा भरावे लागतात.