सवलत-साखळी दुकाने (किराणा)

रोजच्या वापराचे मोजके जिन्नस, बव्हंशी स्वतःच्या ब्रँडखाली व किमान सेवेसह, बारमाही कमी दराने विकणाऱ्या एकसारख्या दुकानांची साखळी. व्यापारी परिभाषेत तिला ‘हार्ड डिस्काउंटर’ म्हणतात. जर्मनीतील आल्डी व लिडल ही तिची सर्वांत परिचित उदाहरणे होत. नामांकित कंपन्यांचा माल अधिक प्रमाणात ठेवणाऱ्या, थोड्या ऐसपैस दुकानांना ‘सॉफ्ट डिस्काउंटर’ म्हणण्याचा प्रघात आहे. मात्र दोहोंतील सीमारेषा अलीकडे पुसट झाली आहे. कॉस्टकोसारखे वेअरहाउस क्लब (फक्त सभासदांना विकणारी गोदामवजा दुकाने) याच कुळातले. पण त्यांच्या नफ्याचा मोठा भाग सभासदांच्या वार्षिक वर्गणीतून येत असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

उगम : या पद्धतीचे जनकत्व कोणाकडे जाते, याबद्दल एकमत नाही. सहकारी चळवळीचे अभ्यासक इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ मध्ये निघालेल्या सहकारी दुकानाकडे बोट दाखवतात, कारण उधारी बंद करून फक्त रोखीने विकण्याचा दंडक तेथे होता. परंतु रॉचडेलचे दुकान माल बाजारभावानेच विकत असे आणि उरलेला नफा सभासदांना त्यांच्या खरेदीच्या प्रमाणात लाभांश म्हणून वाटत असे. फळीवरची किंमत खाली आणणे हा त्याचा हेतू नव्हता. त्यामुळे हे मत फारसे टिकत नाही.

अमेरिकी मताला आधार अधिक आहे. ए अँड पी या साखळीने १९१२ मध्ये ‘इकॉनॉमी स्टोअर’ सुरू केले. तेथे उधारी नव्हती, घरपोच सेवा नव्हती आणि बहुधा एकच माणूस दुकान सांभाळत असे. १९१६ मध्ये क्लॅरन्स साँडर्सने मेम्फिस येथे पिगली विगली हे दुकान उघडून गिऱ्हाइकाला स्वतः माल उचलू दिला. त्यानंतर १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मायकल कलनचे ‘किंग कलन’ उभे राहिले. हे दुकान काढण्यापूर्वी कलनने क्रोगर कंपनीला, जिथे तो नोकरीस होता, एक पत्र लिहिले होते. ३०० जिन्नस खरेदीच्या दरातच, २०० जिन्नस त्यावर ५ टक्के, ३०० जिन्नस १५ टक्के आणि आणखी ३०० जिन्नस २० टक्के चढवून विकण्याची योजना त्याने त्यात मांडली होती. एकूण ११०० जिन्नसांचा हा आकडा आजच्या सवलत-साखळीच्या फार जवळ जातो, आणि म्हणूनच काही लेखक कलनलाच मूळ पुरुष मानतात.

मात्र पत्रातील हिशेब नीट पाहिला, तर त्यातील तत्त्व वेगळे आहे. कलन काही माल बिननफ्याने विकून गर्दी खेचणार होता आणि उरलेल्या मालावर ती भरपाई करणार होता. सर्वच मालावर सारखाच पातळ नफा घेणे आणि कोणत्याही वस्तूला आमिष न बनवणे, हे सवलत-साखळीचे लक्षण त्यात नाही. शिवाय अमेरिकी सुपरमार्केट पुढे सतत फुगत गेले. कमी जिन्नस ठेवणे हा तेथे कधीच सिद्धान्त बनला नाही.

तो सिद्धान्त स्पष्टपणे प्रथम दिसतो तो स्वित्झर्लंडमध्ये. गॉटलीब डुटवायलरने १९२५ मध्ये झुरिक येथे पाच फोर्ड ट्रक रस्त्यावर आणून मिग्रोस सुरू केले. ट्रकवर कॉफी, तांदूळ, साखर, पास्ता, नारळाची चरबी आणि साबण एवढे सहाच जिन्नस असत. दुकानाचे भाडे नाही, मध्यस्थ नाही, माल लगोलग खपणारा. ब्रँडवाल्या उत्पादकांनी त्याच्यावर बहिष्कार टाकला, तेव्हा त्याने स्वतःच उत्पादन सुरू केले. म्हणजे सवलत-साखळीचे दुसरे लक्षण, स्वतःचा ब्रँड, हे येथे धोरण म्हणून नव्हे तर अडवणुकीवरचा तोडगा म्हणून आले. छोट्या दुकानदारांच्या दबावामुळे १९३३ मध्ये स्विस सरकारने नव्या शाखा उघडण्यास बंदी घातली. ती १९४५ पर्यंत टिकली. पुढे मिग्रोस सहकारी संस्था झाली व तिचा माल सर्वांगी वाढला. त्यामुळे कल्पनेचा मान तिला दिला, तरी सलग परंपरा तिच्यापासून सांगता येत नाही.

सलग परंपरा सुरू होते ती जर्मनीतील एसेन शहरात. आना आल्ब्रेख्ट यांनी १९१३ मध्ये तेथील कामगार वस्तीत काढलेले दुकान दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ च्या सुमारास, कार्ल व थिओ या त्यांच्या मुलांनी ताब्यात घेतले. भांडवल नसल्याने फळ्यांवर माल थोडाच होता. इतरांप्रमाणे तो वाढवावा असाच दोघांचा मूळ विचार होता, पण थोड्या मालावर खर्च इतका कमी येतो हे लक्षात आल्यावर त्यांनी तो बेत सोडला, असे कार्ल आल्ब्रेख्ट यांच्या १९५३ मधील एका भाषणावरून समजते. त्या काळी जर्मनीत गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त ३ टक्के सूट देण्याचीच कायद्याने मुभा होती. सहकारी दुकाने ती सूट तिकिटांच्या रूपात देत. गिऱ्हाईक तिकिटे जमवून नंतर पैसे परत घेई. आल्ब्रेख्ट बंधूंनी तिकिटांची भानगडच ठेवली नाही आणि ३ टक्के फळीवरच्या किमतीतून आधीच वजा केले. तिकिटांचा छपाई-हिशेबाचा खर्च वाचला, आणि गिऱ्हाइकाला किंमत जागच्या जागी कमी दिसली.

१९६० च्या सुमारास (काही ठिकाणी १९६१ असे साल आढळते) दोघा भावांनी सुमारे ३०० दुकाने वाटून घेतली. गल्ल्याजवळ सिगारेट विकावी की नाही, यावरून मतभेद झाला असे सांगितले जाते. चोऱ्या वाढतील म्हणून कार्ल यांचा विरोध होता. थिओंकडे उत्तर आणि कार्लकडे दक्षिण विभाग आला. ‘आल्ब्रेख्ट’ व ‘डिस्काउंट’ यांच्या आद्याक्षरांवरून आल्डी हे नाव बहुधा १९६२ मध्ये रूढ झाले.

स्वतःच्या ब्रँडचे प्रस्थ जर्मनीतच एवढे का वाढले, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एक, काटकसरी राष्ट्रीय स्वभाव; हे सांगायला सोपे, सिद्ध करायला अवघड. दुसरे कायद्यातले आहे आणि अधिक पटण्याजोगे आहे. नामांकित मालाची किरकोळ किंमत ठरवून देण्याचा अधिकार उत्पादकांना १९७४ पर्यंत होता. त्यामुळे ज्याला खरोखर स्वस्त विकायचे होते, त्याला बिननावाच्या किंवा स्वतःच्या नावाच्या मालाकडेच वळावे लागले. बंधन उठले तोवर सवय मुरली होती.

कार्यपद्धती : मोठ्या सुपरमार्केटमध्ये सुमारे ३०,००० किंवा त्याहून जास्त जिन्नस असतात, सवलत-साखळीत साधारण १,००० ते २,०००. सारी स्वस्ताई या एका फरकातून उलगडते. समजा, टोमॅटो सॉसचे वीस प्रकार ठेवणाऱ्या साखळीची सॉसची एकूण विक्री आणि एकच प्रकार ठेवणाऱ्या साखळीची विक्री सारखी आहे. दुसरी साखळी त्या एका प्रकाराची खरेदी सरासरी वीसपट करेल. पुरवठादाराला यंत्रे न थांबवता एकच माल सलग भरता येतो. जाहिरात, फिरते विक्रेते, फळीवर जागा मिळवण्याचे शुल्क, हे सर्व खर्च त्याच्या दरातून गळतात. घासाघीस होतेच, पण दर उतरण्याचे श्रेय फक्त घासाघिशीला देणे चूक आहे. पुरवठादाराचा खर्च प्रत्यक्षातच कमी झालेला असतो.

दुसरी बचत माल हाताळण्याची. किराण्याच्या किरकोळ व्यापारात डबा फळीवर चढवणे, गल्ल्यावर फिरवणे यांतच मजुरी सर्वाधिक जाते. सवलत-साखळी माल पुठ्ठ्याच्या खोक्यातच मांडते. खोक्याची पुढची बाजू फाडली की मांडणी पूर्ण. जड व झपाट्याने खपणारा माल पॅलेटवरूनच (माल वाहण्याच्या लाकडी चौकटीवरूनच) विकला जातो. वेष्टनावर बारकोड मोठा आणि अनेक बाजूंना छापतात, म्हणजे डबा कसाही सरकवला तरी यंत्र वाचते. बारकोड-वाचक यंत्रे जर्मन आल्डीने इतरांच्या बऱ्याच नंतर, साधारणतः २००० च्या आसपास, घेतली. तोपर्यंत गल्ल्यावरचे कर्मचारी शेकडो मालांचे सांकेतिक क्रमांक पाठ करून टंकत, आणि सुरुवातीच्या यंत्रांपेक्षा त्यांचा हात जलद चाले. गल्ल्यावर पिशवी भरून देत नाहीत. माल सरळ ट्रॉलीत पडतो आणि गिऱ्हाईक बाजूच्या ओट्यावर भरत बसते, तोवर रांग पुढे सरकते. ट्रॉलीला नाणे अडकवण्याची युक्तीही याच हिशेबातली आहे. नाणे परत हवे म्हणून गिऱ्हाईक ट्रॉली जागेवर आणून लावते, आणि त्या कामाचा नोकर वाचतो. अशी दुकाने एकेका पाळीत अगदी थोड्या माणसांवर चालतात, आणि तोच माणूस गल्ला, मांडणी व झाडलोट तिन्ही पाहतो.

तिसरी गोष्ट पैशाच्या चक्राची. माल दहा दिवसांत खपत असेल आणि पुरवठादाराला तीस दिवसांनी पैसे द्यायचे असतील, तर मधले वीस दिवस दुकानदार दुसऱ्याच्या पैशावर धंदा करतो. युरोपीय संघाने २०१९ मध्ये नाशवंत शेतमालासाठी ही मुदत ३० दिवसांवर आणि इतर शेती व खाद्य पदार्थांसाठी ६० दिवसांवर बांधली. माल इतक्या लवकर फिरणाऱ्या साखळ्यांना त्यामुळे फारसा फरक पडत नाही.

आल्डीच्या दोन्ही कंपन्या व लिडलची पालक संस्था श्वार्ट्स यांची मालकी मुख्यतः कुटुंबांशी निगडित प्रतिष्ठानांकडे आहे. शेअरबाजारात तिमाही नफा दाखवण्याची सक्ती नसल्याने नव्या देशात अनेक वर्षे तोटा सोसता येतो. हे कारण अनेकदा निर्णायक मानले जाते, पण तुर्कस्तानातील बिम ही साखळी २००५ पासून शेअरबाजारात असूनही याच पद्धतीने वाढली. तेव्हा ते सोयीचे कारण असेल, अनिवार्य नव्हे.

गिऱ्हाइकाची निष्ठा : पॉइंट, कार्डे, कूपने ही नेहमीची साधने या साखळ्यांनी दीर्घकाळ वापरली नाहीत. (लिडलने पुढे ‘लिडल प्लस’ हे मोबाइल अॅप आणले, हा अपवाद अलीकडचा.) निष्ठा निर्माण झाली ती अंदाज बांधता येण्यातून. किंमत आज उतरून उद्या चढत नाही, म्हणून सूट असेल त्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही. दुकानांचा आराखडा सारखा असतो आणि फेरी लवकर आटोपते. निवड थोडी असणे पुष्कळांना अडचण न वाटता सोय वाटते.

बिननावाच्या मालावर विश्वास बसायला मात्र वेळ लागला. जर्मनीत १९६४ मध्ये स्थापन झालेल्या श्टिफ्टुंग वारेनटेस्ट या ग्राहक-चाचणी संस्थेच्या निकालांत स्वस्त ब्रँड अनेकदा महागड्यांच्या बरोबरीने उतरले, आणि जाहिरात न करणाऱ्या साखळ्यांना त्याहून चांगली जाहिरात मिळणे कठीण होते. अमेरिकेतील आल्डी नापसंत खाद्यपदार्थाच्या बदल्यात दुसरा माल देते व पैसेही परत करते. एकाच ब्रँडवर सारी मदार असलेल्या दुकानाला ही हमी परवडते, कारण दोष सापडला की तो एकाच पुरवठादाराकडे नेता येतो. दर आठवड्याला बदलणारा, संपला की पुन्हा न येणारा बिगर-किराणा माल (अवजारे, कपडे, एके काळी संगणकही) हे फेरीला थोडी उत्सुकता आणणारे साधन.

टीका : दर पाडण्याचा ताण पुरवठादारांवर जातो, हा मुख्य आक्षेप आहे. २००८ मध्ये जर्मन दूध उत्पादकांनी पुरवठा रोखला, तेव्हा लिडलला लिटरमागे १० सेंट दरवाढ जाहीर करावी लागली. त्याच वर्षी कर्मचाऱ्यांवर गुप्तपणे पाळत ठेवल्याबद्दल लिडलच्या विभागीय कंपन्यांना एकूण सुमारे १४.६ लाख युरो दंड झाला. पगार मात्र बऱ्याच देशांत या क्षेत्रातील सरासरीपेक्षा वरचा असतो. कामाचा वेग पाहता ही उदारता नव्हे, हिशेब आहे.

प्रसार व बदल : आल्डी १९७६ मध्ये अमेरिकेत, १९९० मध्ये ब्रिटनमध्ये व २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात पोहोचली. लिडलचे पहिले दुकान १९७३ मध्ये लुडविग्सहाफेन येथे निघाले. डेन्मार्कमधील नेटो, नॉर्वेतील रेमा १०००, पोलंडमधील बियेद्रोंका व स्पेनमधील डिया याच वळणाच्या साखळ्या होत. वॉलमार्टने १९९७ मध्ये जर्मनीत प्रवेश केला व २००६ मध्ये माघार घेतली. ब्रिटनमध्ये आल्डीने २०२२ मध्ये मॉरिसन्स या सुपरमार्केट साखळीला मागे टाकून बाजारहिश्श्यात चौथे स्थान मिळवले.

स्वस्त दुकान हळूहळू सोयी वाढवते, महाग होते आणि खालून नव्या स्वस्त दुकानाला जागा करून देते, असा ‘किरकोळ व्यापाराच्या चक्रा’चा सिद्धान्त माल्कम मॅकनेअर यांनी १९५८ मध्ये मांडला होता. सवलत-साखळ्या तो खोटा ठरवतात, असे काही काळ मानले जाई. आता दुकानातल्या भट्टीचा पाव, ताजी फळे-भाज्या, नामांकित ब्रँड, उजळ सजावट हे सर्व त्यांच्याकडे आले आहे, त्यामुळे सिद्धान्ताचा निकाल लागला असे म्हणणे घाईचे ठरेल. घरपोच सेवेच्या बाबतीत मात्र त्या सावध आहेत. गिऱ्हाईक फुकट करत असलेली माल गोळा करण्याची मजुरी तेथे दुकानावर येते. ब्रिटनमधील आल्डीने २०२० मध्ये डिलिव्हरू या घरपोच माल पोहोचवणाऱ्या कंपनीमार्फत अशी सेवा आजमावली आणि २०२२ मध्ये ती बंद केली.