‘अपडेट बंदच ठेवा, सर’ : घरच्या कॉम्प्युटरवर अपडेट अडकण्यामागची गोष्ट

२००६ च्या मे महिन्यात वडिलांनी लातूरहून असेंबल केलेला कॉम्प्युटर अंबाजोगाईला आणला. सीपीयूचा डबा एसटीत मांडीवर, मॉनिटर दोन सीटांच्या मध्ये उशी लावून. दुसऱ्या दिवशी जोडणीला एक पोरगा आला. वायरी खोचून झाल्या, सीडीवरून विंडोज टाकून झालं, आणि चहा पिताना तो म्हणाला, “सर, एक करा. खाली उजव्या कोपऱ्यात पिवळी ढाल येईल, अपडेट करा म्हणंल. करू नका. बंदच ठेवा.”

“कामून?”

“सिस्टीम बसती, सर.”

वडील शिक्षक. त्यांनी ते वाक्य तारखेसकट डायरीत लिहून ठेवलं. पुढं ओळखीपाळखीच्या ज्या ज्या घरात मी कॉम्प्युटर बघायला गेलो, तिथं हा सल्ला माझ्या आधी पोचलेला होता. आज त्या पोराला दोष द्यावासा वाटत नाही. त्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर तो बरोबर होता. अपडेट का अडकतं, याचं उत्तर शोधायला लागलं की अर्धं मायक्रोसॉफ्टच्या इतिहासात सापडतं आणि उरलेलं आपल्या वीज, फोन आणि सीडीच्या इतिहासात.

सुरुवातीला अपडेट नावाचं काही घरापर्यंत येतच नव्हतं. १९९५ चं विंडोज घेतलं की ते तसंच वापरायचं, पुढचं आलं की पुढचं टाकायचं. विंडोज अपडेट ही सोय १९९८ च्या आवृत्तीपासून रुळली, पण तीही वेबसाइटवर जाऊन आपण मागायची. आपोआप तपासणी सुरू झाली २००० सालच्या विंडोज मिलेनियममध्ये. (पुस्तकी मराठीत याला ‘अद्ययावत करणे’ म्हणतात. घरात हा शब्द उच्चारलेला मी एकदाही ऐकलेला नाही.)

मग आलं २००३. त्या वर्षी १६ जुलैला मायक्रोसॉफ्टनं विंडोजच्या सुरक्षेतल्या एका मोठ्या भोकावर ठिगळ (म्हणजे दुरुस्तीचं छोटं अपडेट) दिलं. ते बहुतेकांनी लावलं नाही, आणि ११ ऑगस्टला ब्लास्टर नावाचा किडा (नेटवरून आपणहून पसरणारा व्हायरस) त्याच भोकातून आत शिरला. ज्यांनी तो पाहिला ते विसरणार नाहीत : नेट जोडलं की पडद्यावर चौकट यायची, साठ सेकंदांत कॉम्प्युटर बंद होणार, आणि आकडे उलटे पळायला लागायचे. ठिगळ डाउनलोड करावं तर साठ सेकंदांत होणार कसं? मग रनमध्ये जाऊन शटडाऊनपुढे उणे ए टाईप करायचं, ती उलटी मोजणी थांबवायची आणि तेवढ्या उसंतीत काम उरकायचं. नेट कॅफेवाल्यांना ही युक्ती तोंडपाठ होती. आणखी एक खोडी म्हणजे हा किडा १६ ऑगस्टपासून अपडेटच्याच पत्त्यावर हल्ला करणार होता. शेवटी मायक्रोसॉफ्टनं तो पत्ताच बंद केला आणि दुसऱ्या पत्त्यावरून काम चालू ठेवलं.

आजची सगळी रचना या काळातून निघाली. ऑक्टोबर २००३ पासून ठरलं की ठिगळं महिन्यातून एकदा, दुसऱ्या मंगळवारी द्यायची. ती बाहेर पडतात तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजलेले असतात, आपल्याकडं रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. म्हणून आपल्या घरचा कॉम्प्युटर ‘बिघडतो’ तो बुधवारी किंवा गुरुवारी. तारीख बघून फोन करणारे नातेवाईक असते तर माझी बरीच मेहनत वाचली असती.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक, म्हणजे ठिगळांचा एकत्र गठ्ठा, आला. फायरवॉल (नेटवरून आत शिरणाऱ्याला अडवणारी भिंत) आपोआप चालू, अपडेट आपोआप चालू ठेवण्याचा आग्रह, आणि ती पिवळी ढाल. पूर्ण फाइल सुमारे २६६ एमबीची. टेलिफोनच्या तारेवर मोडेमचा किर्रर्र आवाज काढून सेकंदाला साडेचार केबी मिळत असतील तर ती उतरायला सतरा तास लागतात. तेवढा वेळ फोन अडकलेला आणि कॉलचं मीटर चालू. म्हणून आमच्याकडं सर्व्हिस पॅक नेटवरून कधी आलाच नाही. तो कॉम्प्युटर मासिकाच्या सीडीतून आला, नाहीतर कुणाच्या तरी पेनड्राईव्हवरून. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी यावरही विचार केलेला होता. एक्सपीसोबत बिट्स नावाची सेवा आली, ती नेट मोकळं असेल तेव्हा थोडं थोडं उतरवते आणि तुटलं तर जिथं थांबलं तिथून पुन्हा धरते. युक्ती उत्तम होती, पण कॉम्प्युटर चालू असेल तरच.

२००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं. मग काही योजनांमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ नेट अमर्याद असायचं. परीक्षेच्या अभ्यासाला कधी न उठलेली पोरं दोनचा गजर लावून उठू लागली.

आणि दोन वाजता लाईट असेल याची हमी कोण देणार?

अंबाजोगाईहून परळी पंचवीस किलोमीटरवर. औष्णिक केंद्राच्या चिमण्या आमच्या भागाची ओळख, आणि त्याच भागात त्या दशकात खेड्यांकडं दहा-दहा, बारा-बारा तासांचं भारनियमन. वीजगळती आणि वसुली पाहून फीडरचे, म्हणजे भागाभागाला वीज नेणाऱ्या वाहिन्यांचे, गट पाडलेले, ज्या गटात आपण त्याप्रमाणे अंधार. वेळापत्रक पेपरात यायचं आणि पाळलं जायचं नाही. २०१३ च्या दुष्काळात तर पाणीच नाही म्हणून परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं. इन्व्हर्टर असला तरी त्यावर पंखा आणि एक ट्यूब. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस दहा मिनिटं किंचाळून झोपायचा.

आता ही अवस्था अपडेटच्या पोटात काय करते ते बघा. एक्सपीच्या काळात फाइली बदलता बदलता लाईट गेली तर अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या राहायच्या आणि सकाळी निळा पडदा. ‘सिस्टीम बसती’ म्हणजे हेच. २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून आणि पुढं विंडोज सातमध्ये रचना बदलली. घटकांचं एक कोठार ठेवायचं, काय बदलायचं त्याची यादी आधी लिहायची, बदल करायचे, आणि मध्येच खंड पडला तर सगळं जुन्यासारखं करायचं. त्यामुळं कॉम्प्युटर मरेना, पण अपडेटही होईना. आमच्या घरी एका रात्री तीस टक्क्यांवर लाईट गेली. पहाटे आल्यावर पडद्यावर ‘फेल्युअर कॉन्फिगरिंग विंडोज अपडेट्स, रिव्हर्टिंग चेंजेस’. पाऊण तास ते गोल गोल फिरलं. वडिलांनी डायरी काढली आणि माझ्यासमोर उघडून धरली, बोलले काहीच नाहीत.

पोराच्या सल्ल्याला दुसरंही कारण होतं, ते तो चहा पिताना सांगणार नव्हता. त्यानं टाकलेलं विंडोज विकतचं नव्हतं. सप्टेंबर २००२ च्या एक्सपीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकनं सर्वात जास्त फिरलेली चोरीची किल्ली (विंडोज टाकताना लागणारा क्रमांक) नाकारली होती. पुढं खरं-खोटं तपासणारी यंत्रणा आली, आणि २००८ पासून खोट्या एक्सपी प्रोफेशनलचा वॉलपेपर तासा-तासाला काळा पडायला लागला. म्हणजे गिऱ्हाइकानं अपडेट केलं की पोराला पुन्हा सीडी घेऊन यावं लागणार. गंमत अशी की सुरक्षेची महत्त्वाची ठिगळं मायक्रोसॉफ्ट खोट्या प्रतींनाही आपोआप देत होतं. पण मुळात बटणच बंद केलेलं, तर घेणार कोण? नेट कॅफे आणि क्लासेसमध्ये आणखी वेगळी तऱ्हा. तिथं रीस्टार्ट केलं की सगळं कालच्यासारखं करणारं सॉफ्टवेअर टाकलेलं असायचं. चुकून अपडेट चालू राहिलं तर ते दिवसभर उतरायचं, रात्री पुसलं जायचं, सकाळी पुन्हा उतरायला लागायचं.

त्या पोरांनी ठेवलेला तिसरा वारसा अजून डोकं खातो, तो म्हणजे पार्टिशन. हार्डडिस्क कितीही मोठी असो, सी ड्राईव्ह चाळीस जीबीचा आणि बाकी डी, ई, एफ. डीमध्ये फोटो, ईमध्ये गाणी, एफमध्ये सेटअप. हेतू चांगला होता, विंडोज पुन्हा मारलं तरी लग्नाचा अल्बम वाचतो. एक्सपीला चाळीस जीबी म्हणजे वाडा होता, विंडोज दहाला ती खोली झाली. सीची पट्टी लाल होते आणि अपडेट नाकारलं जातं.

अशा वेळी पडद्यावर येणाऱ्या लांबलचक आकड्याला लोक उगाच घाबरतात. ८००७ नं सुरू होणारा कोड म्हणजे विंडोजची जुनीच चूक नव्या पाकिटात. शेवटचे चार अंक षोडशमान पद्धतीतले (सोळाच्या पटीत मोजायचे, म्हणून त्यात ए ते एफ ही अक्षरंही येतात) असतात, ते साध्या आकड्यात आणले की निदान होतं. ००७० म्हणजे ११२, म्हणजे डिस्कवर जागा नाही. ०००५ म्हणजे परवानगी नाही, बरेचदा अँटिव्हायरस आडवा आलेला असतो. २ईई२ म्हणजे १२००२, नेट वेळेत उत्तर देईना. ०६४३ म्हणजे १६०३, इन्स्टॉलेशन फसलं. हा शेवटचा मात्र आळशी कोड, फसलं एवढंच सांगतो, का ते सांगत नाही. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज दहाच्या एका सुरक्षा अपडेटनं जगभर हाच कोड दाखवला. खरं कारण होतं रिकव्हरीचं, म्हणजे विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी राखलेलं, छोटं पार्टिशन : त्यात पुरेशी जागा नव्हती. मायक्रोसॉफ्टनं उपाय सांगितला तो ते पार्टिशन २५० एमबीनं वाढवण्याचा, तोही कमांड टाईप करून. घरगुती माणसानं हे करायचं म्हणजे सोनाराचं काम कुऱ्हाडीनं. सी-डी-ई-एफच्या फाळणीतून वाढलेल्या डिस्कवर तर हात लावायलाच नको वाटतो.

विंडोज सात जुन्या डीव्हीडीवरून पुन्हा टाकणाऱ्यांची वेगळीच फसगत झाली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अपडेटवरची डिजिटल सही (अपडेट अस्सल असल्याची खूण) जुन्या शा-एक पद्धतीवरून शा-दोनवर नेली. डीव्हीडीतल्या विंडोजला ती नवी सही वाचताच येत नाही, म्हणून ते ‘अपडेट शोधता येत नाही’ म्हणत बसतं. सही वाचायला शिकवणारं ठिगळ आधी हातानं आणून लावावं लागतं. दुकानात याला ‘विंडोज करप्ट आहे’ म्हणून पुन्हा तीच डीव्हीडी मारायचे.

विंडोज दहा २९ जुलै २०१५ ला आलं आणि घरगुती आवृत्तीत अपडेट कायमचं बंद करायचं बटण काढून टाकलं. पुढल्याच वर्षी, ५ सप्टेंबर २०१६ ला, जिओ आलं आणि गावोगाव कॉम्प्युटर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालू लागले. मग पोरांनी नवी वाट काढली : नेट ‘मीटर्ड’ (मोजून मिळणारं) म्हणून नोंदवायचं, की अपडेट बरंचसं थांबतं. सल्ला तोच, पत्ता नवा. त्यांच्या भीतीला मायक्रोसॉफ्टनंही खतपाणी घातलं. ऑक्टोबर २०१८ चं मोठं अपडेट काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली पुसतंय म्हणून काही दिवसांत थांबवावं लागलं. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटनं मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशीन आडवी केली. ते विंडोजचं अपडेट नव्हतं आणि घरच्या कॉम्प्युटरशी त्याचा संबंधही नव्हता, पण टीव्हीवर निळे पडदे दिसल्यावर आमच्याकडं तीन फोन आले. उलट १२ मे २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसची आठवण कुणी काढत नाही. त्याचं ठिगळ दोन महिने आधी, १४ मार्चला आलेलं होतं. ज्यांनी लावलं त्यांच्याकडं काही घडलंच नाही, मग आठवायचं काय?

गेल्या वर्षी परभणीला मामांकडं गेलो होतो. त्यांचं विंडोज दहा महिनोन् महिने अपडेट होत नव्हतं. जागा होती, नेट होतं. कोडच्या शेवटी २एफ८एफ, म्हणजे सुरक्षित जोडणीच होत नाही. कोपऱ्यातल्या घड्याळाकडं नजर गेली : १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला होता. तारीख चुकली की सर्व्हरचं प्रमाणपत्र कॉम्प्युटरला खोटं वाटतं आणि तो बोलणंच नाकारतो. हा सेल खरं तर वर्षानुवर्षं टिकतो, कारण भिंतीवरच्या बोर्डाचं बटण चालू असलं की मशीन बंद असतानाही त्याच्यावर भार येत नाही. पण आपल्या घरात काम झालं की बोर्डाचं बटण बंद. वळवाचा पाऊस आणि विजा पाहिलेल्या माणसाला दुसरं काही सुचतही नाही. त्या सवयीनं मशीन वाचतं आणि सेल मरतो.

कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून सेल आणला, तारीख लावली, अपडेट धावायला लागलं. रात्री अकराला तिसरं रीस्टार्ट झालं आणि विंडोजनं नवी चौकट दाखवली : १४ ऑक्टोबर २०२५ नंतर या आवृत्तीला आधार नाही, आणि हे मशीन विंडोज अकराला चालत नाही. प्रोसेसर जुना, टीपीएमची (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी) चिप नाही. सुरक्षेची ठिगळं आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मिळू शकतात, पण त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. मामांचं खातं त्यांच्या मुलानं काढलेलं. तो पुण्यात, रात्रपाळीला, फोन बंद.

“राहू दे,” मामा म्हणाले, आणि सवयीनं बोर्डाच्या बटणाकडं हात नेला.