ट्राइक उडवण्याआधीची ती फेरी कुठून आली

ट्राइकभोवती, म्हणजे कापडी विंगखाली चाकं, सीट नि इंजिन लटकवलेल्या छोट्या विमानाभोवती, उडण्याआधी फिरत एकेक बोल्ट, वायर, पिन हाताने चाचपणारा पायलट बघितला की नवख्याला वाटतं किती वेळ लावतोय हा, पण त्यातलं बरंचसं आधी कोणाला तरी महागात पडलंय म्हणून सुरू झालंय.

अंग इकडेतिकडे झुकवून ग्लायडर वळवायची कल्पना जर्मन ग्लायडरवाल्या ओटो लिलियेन्थालची, 1890 च्या दशकातली, आणि 1896 ला तो त्यातच पडून गेला. मग 1948 मध्ये रोगॅलो नवराबायकोने लवचिक कापडी विंग काढली, 1963 ला ऑस्ट्रेलियात जॉन डिकन्सनने तिच्याखाली त्रिकोणी कंट्रोल फ्रेम लावून माणूस लोलकासारखा लटकवला, आणि 1967 ला अमेरिकेत बॅरी पामरने खाली चाकं नि इंजिन जोडलं. म्हणजे झालं काय, तर माणूस, इंजिन, पेट्रोल सगळंच्या सगळं एका हँग बोल्टवर, म्हणजे विंगला लटकवणाऱ्या बोल्टवर आलं. म्हणून तो बोल्ट, त्याचा नट, त्याची सेफ्टी पिन आणि जोडीला दिलेला बॅकअप पट्टा किंवा केबल, हे बघितल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

लफ लाइन्सची, म्हणजे विंगची मागची कड वर धरणाऱ्या दोऱ्यांची, गोष्ट तर जास्तच वाईट. सत्तरच्या दशकातले हँग ग्लायडर नाक फार खाली गेलं की कापड नुसतं फडफडायचं आणि डाइव्हमधून वर यायचेच नाहीत, त्यात माणसं गेली. तेव्हापासून किंगपोस्टवरून (विंगच्या वर उभा असलेला खांब) मागच्या कडेला या दोऱ्या आल्या, त्या एरवी सैल असतात त्यामुळे कुठे अडकल्या तरी लक्षात येत नाही, मुद्दाम बघावं लागतं. बॅटनचा (कापडाला आकार देणाऱ्या पट्टीचा) आकार कागदावरच्या आराखड्यावर ठेवून ताडायचा मात्र लोक सर्रास कंटाळा करतात, आणि मग विंग एका बाजूला ओढते म्हणून तक्रार!

इंजिनाचं थोडक्यात. रोटॅक्स 912 असेल तर इग्निशन बंद करून प्रोपेलर त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच हाताने फिरवायचा, ऑइल टँकमधून गुडगुड आवाज आला की मगच डिपस्टिक बघायची, नाहीतर लेव्हल खोटी दिसते.

लिहिलेली चेकलिस्ट आली मोठ्या विमानांकडून. 30 ऑक्टोबर 1935 ला बोइंगचं नवं बॉम्बर, जमिनीवर कंट्रोल हलू नयेत म्हणून लावलेला लॉक काढायचा राहिला म्हणून टेकऑफलाच कोसळलं, विमान चालवता येत नव्हतं असं नाही, एक गोष्ट विसरली एवढंच. ट्राइकमध्ये तसला लॉक नसतो पण विसरायला खिसे असतात, आणि प्रोपेलर पाठीमागे, त्यामुळे मोबाइल उडाला तर थेट त्यातच, म्हणून बसायच्या आधी खिशांच्या सगळ्या चेन लावायच्या, मागच्या सीटवरच्याच्या पण.