ड्रायव्हर नाही, इंजिन बंद, तरी वेग शंभर

बंद पडलेली गाडी दोरखंडाने बांधून गॅरेजपर्यंत न्यायची, तर मागच्या गाडीत कुणाला तरी बसवावंच लागतं. त्याने स्टिअरिंग सांभाळायचं आणि दोर सैल पडला की ब्रेक दाबायचा. हे काम माझ्या वाट्याला एकदा आलं आहे. इंजिन बंद असल्यामुळे ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट झालं होतं आणि चार किलोमीटरांत घाम फुटला होता.

अमेरिकेच्या महामार्गांवर याहून अजब दृश्य नेहमीचं आहे. बसएवढं मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, पुढे आणि त्यामागे चारही चाकं रस्त्यावर टेकलेली, आत कुणीही नसलेली मोटार. मोटरहोम कॅम्पग्राउंडवर उभं करायचं आणि वाणसामान आणायला किंवा घाटवाटा फिरायला ही छोटी गाडी वापरायची, असा बेत असतो. तिला तिथे ‘टोड’ म्हणतात. ओढलेली या अर्थाच्या इंग्रजी ‘टोड’ (towed) शब्दाचा उच्चार बेडकाच्या एका प्रकाराच्या इंग्रजी नावासारखाच (toad), त्यावरचा हा विनोद. अशी गाडी सज्ज करायची म्हणजे नसलेल्या ड्रायव्हरची आणि बंद इंजिनाची सगळी कामं दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवायची.

पहिला प्रश्न गिअरबॉक्सचा, आणि बऱ्याच गाड्या इथेच बाद होतात. सर्वसाधारण ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनाच्या बाजूने चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. पण चाकं रस्त्यावर फिरत असतात आणि ती गिअरबॉक्सचे आतले भाग उलट्या बाजूने फिरवत राहतात. तेलाशिवाय तासन् तास. बाहेरून काही कळत नाही. कळतं तेव्हा गिअरबॉक्स जळालेला असतो. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये दातेरी चाकंच तेल उडवून वंगण करतात, म्हणून अशा अनेक गाड्या न्यूट्रलमध्ये ओढता येतात. सगळ्या मात्र नाही.

जीप रँग्लर मोटरहोमवाल्यांची लाडकी आहे, ती ट्रान्सफर केसमुळे. गिअरबॉक्स आणि दोन्ही अॅक्सल यांच्यामध्ये बसलेल्या या पेटीला स्वतःचं न्यूट्रल असतं. ते टाकलं की चाकांचा गिअरबॉक्सशी संबंधच तुटतो. मग ऑटोमॅटिक रँग्लरचा गिअर चक्क ‘पार्क’मध्ये ठेवून गाडी ओढायची. होंडा सीआर-व्हीची गोष्ट वेगळी. 2014 पर्यंतच्या गाडीत आधी इंजिन चालू करून गिअर ‘डी’मध्ये (ड्राइव्ह) न्यायचा, पाच सेकंद थांबून न्यूट्रल करायचा, तीन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं आणि मग बंद करायचं. वेग ताशी 65 मैलांच्या आत. 2015 मध्ये सीव्हीटी, म्हणजे ठरावीक टप्पे नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला आणि ही सोय संपली. म्हणून मेकॅनिकच्या ‘चालतंय की’पेक्षा मालकाच्या पुस्तिकेतलं ‘रिक्रिएशनल टोइंग’चं, म्हणजे गाडी अशी मागे ओढत नेण्याबद्दलचं पान महत्त्वाचं, तेही त्याच वर्षाच्या मॉडेलचं. बऱ्याच विजेच्या गाड्यांची अडचण तर आणखी निराळी. त्यांची मोटर चाकांना कायमची जोडलेली असते, त्यामुळे ओढली की तीच जनित्र होते आणि नको तिथे वीज आणि उष्णता तयार होते.

जोडणी त्या मानाने सरळ आहे. बंपरच्या मागे, गाडीच्या सांगाड्याला बेसप्लेट नावाची पोलादी चौकट बोल्टने बसवतात. तिच्यापासून मोटरहोमच्या हुकापर्यंत इंग्रजी ‘ए’च्या आकाराचा टो-बार. तो जवळपास आडवा राहायला हवा. दोन टोकांच्या उंचीत 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक नको. तिरका असला तर ब्रेक लागताच मागच्या गाडीचं नाक वर उचललं जातं किंवा खाली दाबलं जातं. शिवाय फुलीसारख्या आडव्यातिडव्या टाकलेल्या दोन सुरक्षा-केबल.

आता ब्रेक. 1500 किलोची गाडी ताशी 100 किलोमीटर वेगाने जात असेल तर तिच्यात सुमारे 5.8 लाख जूल गतिज ऊर्जा असते. तेवढ्यात 30 अंशांचं दोन लिटर पाणी उकळीला येईल. दहा टनी मोटरहोमच्या ब्रेकवर हा 15 टक्के जादा भार पडतो, आणि रॉकी पर्वताच्या लांबलचक उतारावर तो जाणवतो. म्हणून मागच्या गाडीला स्वतःचा ब्रेक मारता यायला हवा. त्यासाठी ड्रायव्हरच्या पायापाशी एक पेटी ठेवतात. वेग कमी होतोय हे तिच्यातला सेन्सर ओळखतो आणि तिचा दांडा पेडल दाबतो. पेडलची ताकद वाढवणारा बूस्टर इंजिनाच्या निर्वातावर चालतो आणि इंजिन तर बंद, म्हणून दांड्याला जोर जास्त लावावा लागतो. माझ्या त्या चार किलोमीटरांतलं माझं काम ही पेटी करते, न कुरकुरता. गाडी सुटलीच तर एक पिन खेचली जाते आणि ब्रेक आपोआप लागतात. पेटीने ब्रेक चुकून दाबून ठेवला तर पुढच्याला पत्ता लागत नाही, म्हणून त्याच्या समोर एक दिवा लावतात. मागचा टायर फुटला तरी बारा मीटर पुढे काही जाणवत नाही; त्यासाठी टायरच्या हवेचे सेन्सर.

दिव्यांना मोटरहोमकडून वीज मिळते आणि ती उलटी शिरू नये म्हणून डायोड लावतात. जुन्या पद्धतीच्या किल्लीच्या गाडीत स्टिअरिंग मोकळं राहावं म्हणून किल्ली एक घर फिरवून ठेवावी लागते, त्याने संध्याकाळपर्यंत बॅटरी उतरते. उपाय म्हणजे ठरावीक फ्यूज काढणं किंवा पुढून चार्जिंगची तार आणणं.

आणि स्टिअरिंग? तिथे कुणालाच बसवावं लागत नाही. पुढच्या चाकाच्या वळण्याचा अक्ष थोडा मागे कललेला असतो. तो जमिनीपर्यंत वाढवला तर टायर टेकतो त्या जागेच्या जरा पुढे पोचतो. त्यामुळे ऑफिसच्या खुर्चीच्या चाकासारखं हे चाक ओढणाऱ्याच्या मागे आपोआप सरळ होतं. पण खुर्ची उलटी ढकलून पाहा, चाकं गर्रकन फिरतात. गाडीचंही तेच. मोटरहोम रिव्हर्समध्ये टाकलं की मागच्या गाडीची पुढची चाकं एका बाजूला पूर्ण वळतात, टायर आडवे घासत जातात आणि सगळा ताण टो-बारवर येतो. चुकून अरुंद पेट्रोल पंपात शिरलात तर खाली उतरायचं, गाडी सोडवायची, मोटरहोम मागे घ्यायचं आणि पुन्हा सगळं जोडायचं. मागे रांग लागली असली तरी.