गॅसचा आणि नेमाचा काय संबंध?

चिपळुणात आम्ही निवृत्त फौजी चहाला जमलो की एसएलआरची, म्हणजे आमच्या जुन्या सेल्फ-लोडिंग रायफलीची गोष्ट निघतेच. नव्वदच्या दशकात इन्सास ही नवी रायफल येईपर्यंत हीच 7.62 एमएमची रायफल आमच्या खांद्यावर होती. आणि कुणीतरी ठासून सांगतंच, "गोळ्या पांगतायत? गॅस कमी कर. बोल्ट मागे आपटतो म्हणून नेम हलतो."

साफ चूक. बोल्ट म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद ठेवणारा सरकता तुकडा. त्याचं कुलूप सुटेपर्यंत गोळी नळीबाहेर गेलेली असते. गोळीमागच्या दारूच्या गॅसच्या जोरावर बोल्ट मागे जातो. तो गॅस कमी-जास्त करणाऱ्या रेग्युलेटरचं काम एवढंच, की झाडलेल्या गोळीचं रिकामं खोकं बाहेर पडावं आणि पुढची गोळी चढावी.

पांगण्याचं कारण बहुधा दुसरीकडेच असतं. साईट म्हणजे नेम धरायची खूण. या रायफलीची मागची साईट ट्रिगर असलेल्या खालच्या भागावर, पुढची नळीवर. खालचा आणि वरचा भाग जोडणारी मधली बिजागरी ढिली झाली की दोन्ही साईटचं जमत नाही. खालचा भाग हातात धरून हलवा, खुळखुळ ऐकू येते. मागच्या साईटचे आडवे स्क्रूही बघा.

आणि आपल्याकडचा पाऊस! गंजाच्या भीतीने नळीत तेल थापतात आणि तशीच झाडतात. मग पहिली गोळी भलतीकडे. आधी कोरडं चिंधूक फिरवा.

बाकी ट्रिगर हिसकायची सवय. पण ती कबूल कोण करतो?